उत्तरभागाची हाव

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आंजी (मोठी) हे आमचे मूळ गाव. गेल्या दिवाळीत तेथील आमच्या जुन्या घराच्या अंगणात एक पांढरी चादर ताणून बांधण्यात आली आणि तीवर ‘मिस्टर इंडिया’ हा चित्रपट दाखविण्यात आला. सोयाबीन घरात येऊन पडले होते, कापसाची पहिली वेचणी चालू होती आणि नागपूर-पुण्याकडे पांगलेले कुटुंब कितीएक वर्षांनी एकत्र जमले होते. अशा प्रसंगी १९८७ सालचा हा चित्रपट निवडला जावा ह्यात नवल नाही. नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. चाळिशी-पन्नाशीची आमची मंडळी प्रत्येक संवाद पात्राच्या अगोदर स्वतःच म्हणून मोकळी होत होती, आणि मधला सर्व वेळ एकाच विषयावर खल चालला होता : ह्याचा दुसरा भाग केव्हा येणार? “काकाजी, पार्ट टू येऊन राह्यला म्हणते आता!” असे आमच्या एका पुतण्याने आम्हांस सांगितले, आणि ते अशा हर्षाने की, कापसाला दुप्पट भाव मिळाल्याची वार्ताही त्याने तितक्या हर्षाने सांगितली नसती.

त्याच वेळी त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने एक प्रश्न केला. “पण बाबा, तो कॅमेऱ्यात दिसतो का?” तिला कोणी उत्तर दिले नाही. नेमका त्याच क्षणी मोगँबो पडद्यावर आला होता, आणि त्याचे ते तीन शब्दांचे सुप्रसिद्ध वाक्य एकमुखाने उच्चारणे वडीलधाऱ्यांस अधिक अगत्याचे वाटले. मुलीने एकदा दोनदा विचारून पाहिले व मग ती आत निघून गेली. हा लेख आम्ही तिच्या वतीने लिहीत आहो.

आम्ही ह्या चित्रपटाचे द्वेष्टे आहो असा ग्रह कोणी करून घेऊ नये. तो आला तेव्हा आम्ही नुकतेच महाविद्यालयात गेलो होतो. वर्ध्याच्या चित्रगृहात तो आम्ही पाहिला, आणि पुढे गणेशोत्सवात व्हीसीआर भाड्याने आणून गावाने तो पाहिला तेव्हा पुन्हा पाहिला. त्यानंतर गावातील पोरे विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद गुंडाळून अंधाऱ्या गल्लीतून अदृश्य माणसाचा शोध घेत हिंडत, कारण लाल उजेडात तो दिसतो असे चित्रपटाने त्यांस शिकविले होते. लहानग्या टीनाच्या मृत्यूच्या प्रसंगी आमचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. तेव्हा ज्यांचा आम्ही येथे अधिक्षेप करणार आहो, त्यांत आम्हीही मोडतो, हे प्रारंभीच कबूल करून टाकितो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. शेखर कपूर ह्यांचे दिग्दर्शन, सलीम–जावेद ह्या लेखकद्वयाची कथा, बोनी कपूर ह्यांची निर्मिती, आणि अनिल कपूर, श्रीदेवी व अमरीश पुरी ह्यांचा अभिनय असा तो योग होता. संगणकाची मदत मिळण्याचे ते दिवस नव्हते. पडद्यावरील अदृश्यतेचा सारा खेळ हातचलाखीने व कॅमेऱ्याच्या युक्तीने साधावा लागला. ह्या चित्रपटाचा दुसरा भाग निघणार, अशी वार्ता पुढे अधूनमधून उठतच राहिली. अमरीश पुरी २००५ साली गेले, श्रीदेवी २०१८ साली गेल्या, मुलांचा लाडका ‘कॅलेंडर’ साकारणारे सतीश कौशिक २०२३ साली गेले. वार्ता मात्र गेली नाही. हे लिहीत असता तो दुसरा भाग आलेला नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये अली अब्बास जफर ह्या दिग्दर्शकाने ह्या कथेवर तीन चित्रपटांची मालिका काढण्याचे घोषित केले, तेव्हा मोठाच वाद माजला. मला कोणी विचारलेही नाही, अशी तक्रार शेखर कपूर ह्यांनी केली. त्यावर जावेद अख्तर ह्यांनी बजावले की, कथा, प्रसंग, पात्रे, संवाद, गीते ह्यांपैकी काहीच दिग्दर्शकाचे नव्हते. कल्पनेचा धनी लेखकच. इकडे १९५७चा कॉपीराइटचा कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याकडे बोट दाखवितो. असे हे तीन वारसदार भांडत असता चाहता नावाचा चौथा वारसदार पुढे सरसावला व म्हणाला, “चित्रपट आमचा आहे, आम्ही त्याच्यावर प्रेम केले आहे.” आम्हांस ह्या चौथ्याचा दावा तपासावयाचा आहे, कारण पहिल्या तिघांचे भांडण कोर्टात तरी मिटू शकते, ह्याच्या दाव्याला कोर्ट नाही.

चाहत्यास हवे आहे तरी काय? आमच्या अंगणातील मंडळींस आम्ही खोदून खोदून विचारले. उत्तरे अशी आली : मोगँबो हवा, पण तसाच हवा. ते कंकण हवे. ती गाणी हवीत, निदान त्यांची चाल तरी हवी. अनिल कपूर तर हवेच. एकानेही असे म्हटले नाही की, पुढे काय झाले ते मला जाणून घ्यावयाचे आहे. पुढे काय झाले ही जिज्ञासा असती तर तिला आम्ही वंदन केले असते. कथा जन्मते तीच मुळी त्या जिज्ञासेच्या पोटी. परंतु येथे जिज्ञासेचा लवलेश नव्हता. हवा होता तो १९८७चा गणेशोत्सव, तो भाड्याचा व्हीसीआर, आणि अंगावर पांघरूण घालणारी आई. कोणत्याही निर्मात्यास देता न येणारी ही वस्तू आहे. ती मिळत नाही म्हणून तिकिटाच्या खिडकीवर तिचा तगादा लावायचा, ह्याला आम्ही कलाप्रेम म्हणत नाही.

ह्यावर कोणी विद्वान म्हणतील की, उत्तरभाग लिहिणे ही आपलीच जुनी रीत आहे. रामकथेलाही उत्तरकांड आहे. हा पूर्वपक्ष आम्हांस मान्य आहे. पण तो आमच्याच बाजूचा साक्षीदार आहे. आठव्या शतकातील भवभूती हा आमच्या विदर्भातील पद्मपूरचा. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ असलेले पदमपूर ते हेच, असे महामहोपाध्याय मिराशींचे मत आहे. ह्या कवीने ‘महावीरचरितात’ रामाचा पराक्रम राज्याभिषेकापर्यंत आणून सोडला आणि पुढे ‘उत्तररामचरित’ लिहिले. त्या उत्तरभागाचा आरंभ कसा होतो ते पाहावे. राम, सीता व लक्ष्मण आपल्याच गतचरित्राची रंगविलेली चित्रे पाहत आहेत. जुने प्रसंग आठवून हर्षशोक करीत आहेत. म्हणजे आमच्या अंगणातील पांढऱ्या चादरीचाच प्रसंग! परंतु भवभूती तेथे थांबत नाही. चित्रे पाहून थकलेली सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपी जाते, तोच लोकापवादाची वार्ता येते, आणि त्याच अंकात राम तिचा त्याग करितो. ज्या नायकाचा जयजयकार पहिल्या नाटकाने केला, त्याला दुसऱ्या नाटकाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

आणि तिसऱ्या अंकात तर अदृश्य पात्रच आहे. बारा वर्षांनी राम पुन्हा पंचवटीच्या वनात येतो, तेव्हा भागीरथीच्या प्रसादाने सीता कोणासही दिसत नाही. ती त्याच्याजवळ उभी राहून त्याचा विलाप ऐकते, मूर्च्छित झालेल्या त्याला स्पर्शाने शुद्धीवर आणिते. त्याला स्पर्श कळतो, ती दिसत नाही. अदृश्य कोण, तर जिच्यावर अन्याय झाला ती. अदृश्यतेचा असा उपयोग करणारा कवी बाराशे वर्षांपूर्वी आपल्याच प्रांतात होऊन गेला. उत्तरभाग लिहावयाचा तर तो असा लिहावा. पूर्वभागाने जे प्रश्न टाळले ते त्याने विचारावे. पूर्वभागाची आरती ओवाळीत बसू नये.

खुद्द ‘मिस्टर इंडिया’चा वंश पाहिला तरी हेच दिसते. एच. जी. वेल्स ह्यांची अदृश्य माणसाची कादंबरी १८९७ सालची. तीतला शास्त्रज्ञ अदृश्य होताच सत्तेच्या मदाने उन्मत्त होतो. ती कल्पना घेऊन आपल्याकडे १९३७ साली ‘ख्वाब की दुनिया’ निघाला. त्यात बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचविल्या. १९५७ साली ‘मिस्टर एक्स’ आला. १९८७च्या लेखकांनी ‘मिस्टर एक्स’चा दुसरा भाग काढला असता तर आज तो कोणाच्याही स्मरणात नसता. त्यांनी वेल्सशी वाद घातला. अदृश्यतेची शक्ती उन्मत्ताच्या हाती न देता ती अनाथ मुलांचे घर चालविणाऱ्या, भाडे थकलेल्या एका व्हायोलिनवाल्याच्या हाती दिली, आणि विचारले : ज्या गरिबाकडे तसेही कोणी पाहत नाही, तो खरोखरच दिसेनासा झाला तर काय करील? हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. चाहते ज्या गोष्टीवर प्रेम करितात ती अशा बंडातून निर्माण झाली आहे, आणि तिच्या नावाने ते मागतात मात्र आज्ञाधारक नक्कल.

परदेशातील अनुभवही बोलका आहे. ‘ब्लेड रनर’ हा १९८२चा अमेरिकन विज्ञानपट. प्रथम तो चालला नाही. पुढे त्याचा एक संप्रदायच झाला. ३५ वर्षांनी, २०१७ साली, दनी विलनव ह्यांनी त्याचा उत्तरभाग काढला. त्यातील नायकाला वाटते की आपणच तो पुराणकथेतील अद्भुत बालक. आणि अखेरीस त्याला कळून चुकते की आपण तो नव्हे, एक सामान्य जीव आहो. ही भवभूतीच्या जातीची रचना होय. जाणकारांनी तिची वाखाणणी केली. परंतु तिकीटविक्री अपेक्षेहून फारच कमी झाली. दशकानुदशके वाट पाहण्याचा एवढा गाजावाजा झाला, त्या मानाने प्रत्यक्ष पाहावयास आलेले थोडे! ह्यावरून आम्ही असे अनुमान काढितो की, पुष्कळांस वाट पाहणेच प्रिय असते, वस्तू नव्हे.

“असेना का, कोणाचे काय बिघडते?” हा शेवटचा आक्षेप. बिघडते ते त्या दहा वर्षांच्या मुलीचे. तिचा प्रश्न पुन्हा वाचावा. १९८७ साली सामान्य माणसाचे दुःख हे की, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आज चौकाचौकांत कॅमेरा आहे, खिशाखिशांत कॅमेरा आहे. आपण कोठे जातो, काय विकत घेतो, हे न दिसणारा कोणीतरी पाहत असतो. आज कंकण मोगँबोच्या हाती आहे आणि लाल उजेडात उभा आहे तो सामान्य माणूस. असल्या काळात अदृश्य होणे म्हणजे काय? तो कॅमेऱ्यात दिसतो का? साऱ्या वादात उत्तरभागाची खरी कल्पना एवढीच काय ती निघाली, आणि ती उत्तरभागाच्या भक्तांनीच आरडाओरड करून बुडविली.

मराठीत अशा प्रश्नांची उपेक्षा व्हावी असे आपले दारिद्र्यही नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकर ह्यांनी टोपणनावाने विज्ञानकथा पाठविली व बक्षीस मिळविले. तोच लेखक २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २०२५ साली ते निवर्तले. त्यांच्या ‘वामन परत न आला’ ह्या कादंबरीत विचार करणाऱ्या यंत्राचा प्रश्न आहे; तो आज वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊन बसला आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे ह्यांच्या कथा आहेत. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या ओळखीचा करून दिला. ह्यांपैकी किती पुस्तके आमच्या त्या अंगणात जमलेल्या घरांतून आहेत? आम्ही विचारले. एका घरी होती. तीही आजोबांच्या पेटीत.

निर्माता पैशाकडे पाहणार, ह्यात आमची तक्रार नाही. तो व्यापारी आहे, आणि गिऱ्हाईक जे मागते ते तो विकतो. नव्या कल्पनेवर पैसा लावण्यास त्याला धीर होत नाही. कारण जुन्या नावाला गिऱ्हाईक ठरलेले आहे. म्हणून दोष गिऱ्हाइकाकडे येतो, म्हणजे आपणाकडे. आपणांस आपल्या बालपणी एक नवी, अनपेक्षित वस्तू मिळाली. आपल्या मुलांस आपण तिचीच उष्टी पत्रावळ वाढू पाहत आहो, आणि वर त्यांनी ती आवडीने चाटावी अशी आपली अपेक्षा आहे.

तेव्हा ‘मिस्टर इंडिया’ अवश्य दाखवावा, पुन्हा पुन्हा दाखवावा. तो जसा आहे तसा उत्तम आहे. मात्र त्या वेळी आपण तोंड मिटून बसावे आणि मुलांस बोलू द्यावे, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे. दुसरा भाग आला आणि त्याने काही नवे विचारले तर आम्ही पहिल्या दिवशी रांगेत उभे राहू. त्याने जुनेच घोकले तर आम्ही घरी राहू, आणि आपणही राहावे. येत्या दिवाळीत आंजीस आम्ही त्या मुलीसाठी आजोबांच्या पेटीतील ती पुस्तके काढून ठेवणार आहो. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नाही. ते आम्ही तिलाच विचारणार आहो.