सीआरपी नॉर्मल, तरीही अपेंडिक्स

पोटात दुखू लागले की हल्ली अनेक जण डॉक्टरांच्या आधी लॅब गाठतात. सीआरपी नॉर्मल आला की घरचे निर्धास्त. अपेंडिक्सच्या बाबतीत हा निर्धास्तपणा महागात पडू शकतो. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते. दाह सुरू झाल्यावर ते रक्तात ठळकपणे वाढायला साधारण ६ ते १२ तास लागतात आणि कळस गाठायला दोनेक दिवस. रात्री दुखणे सुरू झाले आणि पहाटे रक्त दिले, तर अहवाल निर्दोष असूनही अपेंडिक्सला सूज असू शकते. पांढऱ्या पेशी त्याहून लवकर वाढतात. पण त्या तर कशानेही वाढतात! १९८६ मध्ये मांडलेल्या अल्वाराडो गुणपद्धतीत १० पैकी ७ गुण लक्षणांना आणि डॉक्टरांच्या तपासणीला आहेत. बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलेले दुखणे, मेलेली भूक, मळमळ, दाबल्यावर उठणारी कळ, ताप. रक्ताच्या वाट्याला तीनच गुण, आणि ते योग्यच आहे.

शस्त्रक्रियेनंतर नेमका उलटा घोळ होतो. शरीराच्या लेखी शस्त्रक्रिया ही जखमच. त्यामुळे जंतुसंसर्ग नसतानाही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत सीआरपी चढतो. दुर्बिणीतून केली तर सहसा कमी. नातेवाईक मात्र आकडा पाहून अँटिबायोटिक वाढवायला सांगतात. खरे तर तो नंतर उतरतो की नाही, हे पाहायचे. उतरत नसेल, किंवा ताप आणि पोटफुगी असेल, तर पोटात पू साठला आहे का, हे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनने लगेच पाहायला हवे.