चिनी अक्षरं शिकायचीत? आधी ‘घेणे’ आणि ‘विकणे’ शिका!



चीनमधून माल मागवायचा विचार करणारे बरेच जण विचारतात, “सर, मोबाईल भाषांतर करतोच की, मग चिनी कशाला शिकायची?” माझं मत स्पष्ट आहे. पूर्ण भाषा नको, पण धंद्याची पन्नास अक्षरं डोळ्यांना ओळखीची हवीतच. ज्याला बिलातलं काहीच कळत नाही, तो समोरच्याच्या भरवशावर धंदा करतो.

नुसती घोकंपट्टी करू नका, युक्ती वापरा. चिनीत घेणे म्हणजे ‘माय’ आणि विकणे म्हणजेही ‘माय’! फरक सुराचा. घेण्याचा सूर खाली जाऊन वर येतो, विकण्याचा वरून धाडकन खाली येतो. आजच्या सोप्या लिपीत ‘घेणे’च्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखं ‘दहा’चं अक्षर ठेवलं, की ‘विकणे’ होतं. खरेदीवर अधिक चढवलं की विक्री. विसराल का?

दुसरी युक्ती कवडीची. चीनमध्ये एकेकाळी कवड्या पैसा म्हणून चालायच्या. म्हणून ‘माल’, ‘महाग’, ‘शुल्क’ या अक्षरांच्या खालच्या भागात कवडीची खूण असते. आपणही ‘कवडीमोल’ म्हणतोच ना!

चार अक्षरी म्हणी तर गोष्टीसकट लक्षात राहतात. हान फेइ या विचारवंताच्या सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात एक शेतकरी आहे. पळता पळता ससा झाडाच्या खोडावर आपटून मेला, याला फुकट शिकार मिळाली. मग हा नांगर टाकून खोडापाशीच बसला. दुसरा ससा काही आला नाही. दिवाळीत योगायोगाने मोठी ऑर्डर मिळाली आणि वर्षभर तिचीच वाट बघत बसलात, तर तुम्हीही खोडापाशीच बसलात!

पण एक सांगतो, युक्ती ही फक्त खुंटी आहे. ‘दहा’च्या डोक्यावर एक तिरकी रेघ आली की ‘हजार’ होतो. घाईत वाचलंत तर शंभरपट चूक! म्हणूनच चिनी चेकवर आकड्यांसाठी वेगळी, अवघड अक्षरं वापरतात, आपल्या ‘अक्षरी रुपये’सारखी. तेव्हा ओळखायला युक्ती वापरा, पण पैसे पाठवण्याआधी कागद जाणकाराकडून वाचून घ्या.

रोज पाच अक्षरं लिहा, कालची पाच पुन्हा लिहा. दहा दिवसांत पन्नास होतात. आजच वही काढा!