नांदेडचे दोन दिवस

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला जायचे ठरले, तेव्हा शेजारच्या खालांनी विचारले, "वां अपने को कायकू जाने का?" प्रश्न रास्त होता. आपल्या घरांतली सुट्टी म्हणजे गोवा, अजमेर, नाहीतर मामाचे गाव. पण शाळेत नामदेव शिकवायचे, गुरू गोविंदसिंगांचा धडा शिकवायचा आणि आपल्याच राज्यातले नांदेड पाहायचे नाही, हे आम्हाला काही बरे वाटेना.

चंदगडहून कोल्हापूर, तिथून सोलापूर, लातूर करत रात्रभराचा प्रवास. उतरल्यावर यात्री निवासात खोली मागितली. ओळखपत्र पुढे करताना मनात थोडी धाकधूक होती, खोटे कशाला बोला. खिडकीतल्या माणसाने नाव वाचले, नोंदवले आणि एवढेच विचारले, "किती जण? लहान मुले आहेत का?"

तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, महाराष्ट्रातले एकमेव. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच, गोदावरीकाठी वारले. जाण्याआधी त्यांनी आपल्यामागे ग्रंथालाच गुरू मानण्यास सांगितले. सध्याची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. निजामाच्या राज्यात लाहोरच्या महाराजांनी गुरुद्वारा उभारला, ही गोष्ट मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत तरी यायला हवी. आतल्या खोलीत गुरूंची शस्त्रे आहेत. तिथे फक्त मुख्य पुजारी जातात.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. चपला बाहेर ठेवायच्या, पाय धुवायचे, डोके झाकायचे. आपल्या बायकांचा दुपट्टा असतोच, पुरुषांना दारात रुमाल मिळतो. तंबाखू, विडी खिशातसुद्धा नको. लोक माथा टेकतात. आम्ही बाजूला अदबीने उभे राहिलो, कोणी हटकले नाही. कडा प्रसाद घ्यायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या अकीद्याचा भाग. आम्ही नम्रपणे नको म्हटले. देणारा हसून पुढच्याकडे वळला. लंगरची गोष्ट निराळी. ते जेवण आहे, भुकेल्या कोणालाही. डाळ, भाजी, रोटी, मांस नाही, त्यामुळे हलालचा प्रश्नही नाही. रोटी मात्र दोन्ही हात पुढे करून घ्यायची. वाढणारे एक वृद्ध सरदारजी आम्हाला म्हणाले, "कां से आए तुम लोगां?" आम्ही चकित झालो. पंजाबी नव्हे, ही तर आपली दखनी! इथले जुने शीख कितीतरी पिढ्या दख्खनचेच आहेत. दखनी बोलतात, मराठी बोलतात. चंदगड कुठे, हे मात्र त्यांना बेळगावचे नाव घेऊन सांगावे लागले.

आता खरी गोष्ट. परिक्रमेत फिरताना आठवीतल्या आमच्या मुलीला कळले की गुरूंवर इथे खंजिराचा वार झाला आणि वार करणारा पठाण होता. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मग आपण इथे आलेलं चालतं का?"

आम्ही तिला तिथेच सावलीत बसवले आणि काही न झाकता सांगितले. सरहिंदचा सुभेदार वजीर खान. त्याने गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना, जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना भिंतीत चिणले. दोघेही दहा वर्षांच्या आतले. मारेकरीही त्यानेच पाठवले, असे मानले जाते. मग हेही सांगितले की त्याच दरबारात मालेरकोटल्याचे नवाब शेर मुहम्मद खान उठले आणि या पोरांचा काय गुन्हा, असे म्हणाले. १६८८ मध्ये भंगाणीच्या लढाईत साढौऱ्याचे पीर बुद्धू शाह आपली मुले आणि मुरीद घेऊन गुरूंच्या बाजूने लढले आणि मुले गमावून बसले. माछीवाड्याच्या जंगलातून गुरूंना पालखीत बसवून, 'उच्चचे पीर' म्हणून बाहेर काढणारे नबी खान आणि गनी खान होते. दख्खनेत गुरू आले तेही बादशहा बहादूरशाहच्या छावणीबरोबर. जखम शिवायला बादशहाने जर्राह पाठवला, असे परंपरा सांगते.

बुद्धू शाह 'आपले' म्हणून मिरवायचे आणि वजीर खानाचे नाव आले की विषय बदलायचा, ही लबाडी मुलांना लगेच कळते. आम्ही ती वर्गातही करत नाही. दोन्ही नावे मुसलमानांचीच. मुलीने विचारले, "नवाबाचं कुणी ऐकलं का?" नाही ऐकले. पण शीख ते विसरले नाहीत. १९४७ साली पंजाब पेटला असताना मालेरकोटल्याला झळ लागली नाही, त्याचे कारण लोक अजून त्या एका वाक्यातच शोधतात.

उर्दू शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक. गुरूंनी औरंगजेबाला लिहिलेले 'जफरनामा' हे पत्र फारसी पद्यात आहे. गुरू ग्रंथसाहिबात बाबा फरीद आहेत, कबीर आहेत आणि आपल्या नामदेवांची ६१ पदेही आहेत. पंजाबातल्या ज्या घुमानमध्ये नामदेव राहिले, तिथे २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनही भरले होते.

संध्याकाळी नगीना घाटावर गेलो. आमच्या ताम्रपर्णीच्या मानाने गोदावरीचे पात्र केवढे तरी रुंद. गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी, २००८ मध्ये, शहराचे रस्ते आणि घाट सुधारले. मगरिबची नमाज गावातल्या मशिदीत झाली. दुसऱ्या दिवशी कंधारला जायचे होते, हाजी सय्याह सरवर यांच्या दर्ग्यावर. पण मुलीने आधी हट्टाने पुन्हा लंगर गाठला आणि बायकांच्या ओळीत बसून रोट्या लाटू लागली. पहिली रोटी तालुक्याच्या नकाशासारखी झाली. शेजारच्या आजींनी ती तशीच तव्यावर टाकली.