आजोबांना बोलूं द्या

सातवीच्या वर्गास आम्हीं यंदा “माझे आजोबा” हा विषय निबंधास दिला होता. विषय जुनाच, आणि त्याचे निबंधही बहुधा ठरलेलेच असतात. आजोबा पहांटे उठतात, फिरावयास जातात, वर्तमानपत्र वाचतात, गोष्टी सांगतात, आणि शेवटीं ते “मला फार आवडतात.” वह्या तपासतांना आमचें मन अर्धें झोपेंतच होतें, हें कबूल केलें पाहिजे. तोंच एका मुलाच्या वहींत असें वाक्य आढळलें कीं, आमचे आजोबा आजीविषयीं बोलूं लागले म्हणजे बाबा टी. व्ही.चा आवाज वाढवितात. वाक्य शुद्ध होतें. त्याखालीं खूण करण्यासारखें कांहीं नव्हतें. लाल शाईची लेखणी मात्र आमच्या हातांत बराच वेळ तशीच राहिली. कारण तो बाप आम्ही असतों, तरी त्या मुलास फारसें निराळें लिहावें लागलें नसतें.

म्हणून आमच्याच घरची हकीकत येथें सांगतों. वडिलांविषयीं शाळेच्या मासिकांत लिहावें कीं न लिहावें, याचा विचार आम्हीं पुष्कळ केला. शेवटीं त्यांची परवानगी मागितली, तेव्हां “माझें नांव छापतांना चुकवूं नका म्हणजे झालें,” एवढेंच ते म्हणाले. नांव आम्ही देतच नाहीं, तेव्हां तो प्रश्न मिटला.

वडील एस. टी.च्या डेपोंत मेकॅनिक होते. १ जून १९४८ रोजीं एस. टी.ची पहिली गाडी पुणें आणि अहमदनगर यांच्यामध्यें धावली. आपल्या शहरास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें, तरी ही गोष्ट सांगतांना ते जुनेंच नांव घेतात, आणि तो मान जणूं आपणच मिळविला अशा थाटांत घेतात. त्यांच्या आयुष्यांत भाषणें, मानपत्रें, सत्कार असें कांहीं झालें नाहीं. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा आजार ओळखावा, रविवारीं देवळांत तिसऱ्या बांकावर बसावें, संध्याकाळीं घरच्या उपासनेंत शास्त्रपाठ वाचावा, आणि एक दिवसाआड येणारें नळाचें पाणी भरावें, असें तें आयुष्य. पाणी भरण्याचें काम पूर्वीं आईचें होतें.

एप्रिल २०२१ मध्यें तीं दोघें एकाच आठवड्यांत आजारी पडलीं. ते दिवस वाचकांस नव्यानें सांगावयास नकोत. खाट जेथें मिळेल तेथें माणूस न्यावयाचें. त्यामुळें वडील एका दवाखान्यांत आणि आई दुसऱ्या. चवथ्या दिवशीं आई गेली. अंत्यविधीस २० पेक्षां अधिक माणसें नसावींत असा शासनाचा निर्बंध त्या वेळीं होता; आमच्या येथें तितकींही नव्हतीं. पाळकसाहेबांनीं दुरूनच प्रार्थना केली. आमची मुलगी तेव्हां आठ वर्षांची होती. तिला शेजाऱ्यांकडे ठेवलें होतें. आजी कोठें आहे असें तिनें विचारलें, तेव्हां “देवाघरीं” असें सांगून आम्हीं तिच्या हातांत मोबाईल दिला.

वडिलांस तर आम्हीं तेंही सांगितलें नाहीं. त्यांस प्राणवायु लावलेला होता. तीन दिवस फोनवरून “आईला आज जरा बरें आहे,” असें आम्ही सांगत राहिलों. डॉक्टरांनीं तसें करावयास सांगितलें होतें, असें पुढें आम्ही नातलगांस सांगूं लागलों; पण तेंही खरें नव्हतें. आम्हीं डॉक्टरांस विचारलेंच नव्हतें. चवथ्या दिवशीं त्यांची प्रकृति सुधारली आणि आम्हीं खरें तें सांगितलें. ते रडले नाहींत. थोड्या वेळानें म्हणाले, “तीन दिवस मी तिच्यासाठीं प्रार्थना करीत होतों, आणि तूं फोनवर आमेन म्हणत होतास ना?”

यावर आम्हांस आजही उत्तर सुचलेलें नाहीं.

उत्पत्तीच्या पुस्तकांत याकोबाची गोष्ट आम्ही वर्गांत अनेक वर्षें शिकविली आहे. योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तांत बुडवून त्याच्या भावांनीं बापापुढें ठेविला, तेव्हां जिवंत पुत्र मेला असें समजून म्हातारा शोक करूं लागला, आणि कोणाच्याही सांत्वनानें तो शांत होईना. सांत्वन करणारे तरी कोण, तर ज्यांनीं फसविलें तेच पुत्र. त्या भावांस आम्ही दरवर्षीं फळ्यापाशीं उभे राहून दोष देत आलों आहों. त्यांनीं जिवंत माणूस मेलेलें दाखविलें. आम्हीं मेलेलें माणूस जिवंत दाखविलें. त्यांचा हेतु दुष्ट होता आणि आमचा चांगला होता, हें आम्ही जाणतों. परंतु ज्याचें दुःख त्यानें केव्हां करावें हें दुसऱ्यानें ठरविणें, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच आहे.

त्याच पुस्तकाचा ४८ वा अध्याय आम्हीं अलीकडे पुन्हां वाचला. याकोब मिसर देशांत मरणोन्मुख आहे. योसेफ आपल्या एफ्राईम व मनश्शे ह्या दोन मुलांस घेऊन भेटीस येतो. म्हातारा उठून बसतो आणि वारशाविषयीं बोलूं लागतो. नातवांस आपल्या पुत्रांच्या पंक्तींत घेतों म्हणतो. बोलतां बोलतां मध्येंच त्याला राहेल आठवते. ती वाटेंत कशी मरण पावली, एफ्राथ अजून थोडें दूर होतें, तेथेंच रस्त्याच्या कडेला आपण तिला पुरलें, हें तो सांगतो. आणि लगेच नातवांकडे वळून हे कोण म्हणून विचारतो. टीकाकारांस हें वचन येथें अस्थानीं वाटतें, मागच्यापुढच्याशीं त्याचा संबंध लागत नाहीं. आम्हांस तर वाटतें कीं, ज्याच्या घरीं म्हातारें माणूस आहे त्याला तो संबंध शोधावा लागत नाहीं. घरपट्टीची पावती शोधतांना आमच्या वडिलांस आई अशीच आठवते. आणि योसेफाची एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे: राहेल ही त्याचीच आई; पण त्यानें बापाचें बोलणें तोडलें नाहीं, कीं मुलांस बाहेर पाठविलें नाहीं.

पुढें मात्र तोही आमच्यासारखाच वागतो. बाप आशीर्वाद देतांना हात उलटसुलट ठेवतो, तेव्हां योसेफास वाटतें कीं म्हाताऱ्यास दिसत नाहीं, भान नाहीं; तो बापाचा हात उचलून दुसरीकडे नेऊं पाहतो. आपल्याला सारें कळतें, असें याकोब त्यास सांगतो, आणि हात जेथें होता तेथेंच राहतो.

वडील घरीं परत आल्यावर सुमारें दोन वर्षें आमच्या घरांत आईचें नांव निघालें नाहीं. निघालें असतें, आम्हीं निघूं दिलें नाहीं. ते बोलूं लागले कीं आम्ही औषधाची वेळ विचारीत असूं. पत्नीनें आईचीं पातळें कपाटाच्या वरच्या कप्प्यांत ठेवून दिलीं. मुलीला “जा, अभ्यास कर,” असें सांगितलें जाई. हें सर्व वडिलांच्या रक्तदाबासाठीं आणि मुलीच्या कोमल मनासाठीं चाललें आहे, अशी आमची समजूत होती. पालक आम्हांस शाळेंत येऊन हेंच सांगतात: मुलांच्या मनावर परिणाम होतो. परिणाम होतो हें खरें. पण तो न बोलण्याचाही होतो, आणि अधिक होतो असें आमचें मत झालें आहे. ज्या आजीनें आठ वर्षें वेणी घातली, तिचें नांव घरांत कोणीच घेत नाहीं, यावरून मुलीनें काय समजावें? एक तर आजीनें कांहीं वाईट केलें असावें. नाहीं तर माणूस गेलें म्हणजे घरचीं माणसें त्यास इतक्या लौकर विसरतात, आणि उद्यां आपल्यालाही विसरतील. खरें सांगावयाचें तर, मुलांसमोर आजोबांनीं रडूं नये असें आम्हांस वाटतें तें मुलांसाठीं नव्हे. तें रडणें आम्हांसच पाहवत नाहीं.

आमच्या शाळेंत अनेक धर्मांचीं मुलें शिकतात. कोणाच्या घरीं तेरा दिवस पाळतात, कोणाच्या घरीं तीन दिवस लोक बसावयास येतात. आम्हां ख्रिस्ती लोकांत दफनानंतर घरीं प्रार्थना होते, गीतें होतात, आणि पुनरुत्थानाची आशा आहे म्हणून शोक आवरावा असें कोणी तरी सांगतोच. “देवाची इच्छा” हे शब्द तर कबरेवरची माती सुकण्याच्या आधींच ऐकूं येतात. या घाईस पवित्र शास्त्रांत आधार नाहीं. लाजराच्या कबरेपाशीं प्रभु येशू रडला, हें योहानाच्या ११ व्या अध्यायांत आहे; आणि थोड्याच वेळांत आपण त्याला उठविणार हें तो जाणत होता. ज्याला पुढचें सर्व ठाऊक होतें तो रडला, आणि ज्यांना कांहींच ठाऊक नाहीं त्यांनीं हंसतमुख असावें, हा हट्ट कोठला?

शिक्षक म्हणून आमचाही दोष आहे. घरांत मृत्यु झाला म्हणून मुलगा गैरहजर राहतो, चिठ्ठींत “घरगुती कारणामुळें” असें लिहून येतें, आणि आम्ही सही करून बुडालेला अभ्यास त्याच्या हातीं देतों. कोण गेलें हेंही विचारीत नाहीं. यापुढें विचारावयाचें असें आम्हीं ठरविलें आहे.

अहमदनगरशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें त्या लक्ष्मीबाई टिळकांचीं “स्मृतिचित्रें” १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. त्या पुस्तकांत विरह आहे, मरणें आहेत, पती ख्रिस्ती झाल्यावर झालेली ताटातूट आहे. आणि पानापानावर हंसूंही आहे. त्यांच्या चिरंजीवांनीं, म्हणजे देवदत्तांनीं, आईला तें सर्व सांगावयास लावलें, आणि पुढें नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं त्या पुस्तकाची नवी आवृत्ति संपादिली. मुलानें आईला “आतां जुनें कशाला?” असें म्हटलें असतें, तर मराठी भाषा केवढ्या ठेव्यास मुकली असती! आमचे वडील कांहीं लक्ष्मीबाई नव्हेत. त्यांच्या आठवणी छापण्याजोग्या नाहींत. गिअरबॉक्स त्यांत फार येतो. परंतु त्या ऐकावयास छापखाना लागत नाहीं.

आमच्या घरचें मौन आम्हीं मोडलें नाहीं. तें करंज्यांनीं मोडलें. गेल्या नाताळांत पत्नीचा हात दुखत होता. करंज्या विकत आणूं, असें आम्हीं म्हटलें. वडील उठले, विळी ओढली आणि नारळ खवूं लागले. चाळीस वर्षें दर नाताळांत आईसाठीं नारळ तेच खवीत. पण तेवढ्यानें सारणाचें मापही त्यांस पाठ झालेलें असेल, हें आमच्या कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. मुलगी शेजारीं बसली. ते सांगत गेले आणि ती करीत गेली. खसखस भाजण्याची वेळ आली तेव्हां ते म्हणाले, “तुझी आजी ही दरवर्षीं करपवायची, आणि मग तशीच चांगली लागते म्हणायची.” मुलगी खदखदां हंसली. आम्ही दारांत उभे होतों. संवयीप्रमाणें औषधाची वेळ विचारणार होतों, पण पत्नीनें आमच्याकडे पाहिलें आणि आम्ही गप्प राहिलों. त्या दुपारीं करंज्या अठ्ठावीसच झाल्या, पण बोलणें दिवेलागणीपर्यंत चाललें. मध्यें एकदां त्यांचे डोळे भरले. मुलीनें पिठाच्या हातानेंच त्यांचा चष्मा काढून पुसला. तो चष्मा आईचा आहे, हें तेव्हां आम्हांस कळलें. दोघांचा नंबर जवळ जवळ सारखा होता. स्वतःचा फुटल्यापासून वडील तोच लावीत होते, आणि इतके दिवस आम्हीं तो पाहिला नव्हता.

संध्याकाळीं उपासनेसाठीं मोठें पवित्र शास्त्र काढलें. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर आमच्या कुटुंबांतील जन्म, बाप्तिस्मे, लग्नें आणि मृत्यु लिहिलेले आहेत. सर्वांत जुनी नोंद पणजोबांच्या हातची, बोरूनें लिहिलेली आहे. मुलीनें पानें चाळलीं आणि विचारलें, “आजोबा, आजीचें येथें कां लिहिलें नाहीं?” वडिलांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. ते म्हणाले, “कोणी तरी विचारील म्हणून थांबलों होतों.” मग त्यांनीं खिशांतलें पेन काढून तिच्याच हातीं दिलें, तारीख सांगितली, नांव सांगितलें. नांवांतली वेलांटी तिनें ऱ्हस्व काढली, ती त्यांनीं दीर्घ करावयास लावली. पान मिटण्यापूर्वीं त्यांनीं तिला खालची मोकळी जागा दाखविली आणि ओळ जरा सरळ ठेवीत जा, असें बजावलें.