कसोटी कोणाच्या हाती?



जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी कधी ना कधी येऊन गेली आहे. उंबऱ्यापाशी बसून ती लुगड्याची घडी मोडते, काठ दोन बोटांत धरून पाहते, पदर उजेडाकडे धरते आणि एका पातेल्यासाठी आणखी दोन कपडे मागते. गृहिणी तिच्याशी हुज्जत घालते. परंतु तिच्या पारखीविषयी शंका घेत नाही. बोहारीण घाई करीत नाही, कारण चूक झाल्यास तोटा तिचाच व्हावयाचा असतो.

सांप्रत अमेरिकेत हाच धंदा फार मोठ्या प्रमाणावर चालतो. तेथे लुगड्यांच्या जागी शनेलच्या पर्सेस, उंची घड्याळे आणि हिऱ्यांच्या अंगठ्या असतात, आणि उंबऱ्याच्या जागी इंटरनेट असते. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘द रिअलरिअल’ ही या धंद्यातील एक नामांकित कंपनी. ज्यूली वेनराइट या बाईंनी ती २०११ साली सुरू केली. श्रीमंतांच्या कपाटांत पडून असलेल्या वस्तू ठेवून घ्यावयाच्या, पारखावयाच्या, त्यांची छायाचित्रे व वर्णने इंटरनेटवर मांडावयाची आणि विक्री झाली की आपला वाटा कापून उरलेली रक्कम मूळ मालकास द्यावयाची, अशी तिची रीत. जून २०१९ मध्ये तिचे शेअर प्रत्येकी २० डॉलरांस बाजारात आले आणि सुमारे ३० कोटी डॉलरांचे भांडवल उभे राहिले. हा सारा डोलारा एकाच वचनावर उभा होता : येथील प्रत्येक जिन्नस अस्सल आहे.

हे वचन कंपनीच्या वतीने प्रत्यक्ष पाळावयाचे कोणी? ते काम गोदामातील मेजांशी बसणाऱ्या नोकरवर्गाकडे येते. नव्या मालाच्या दुकानात एकाच छायाचित्रावर हजार नग विकता येतात. जुन्या मालाचे तसे नाही. प्रत्येक नग निराळा. म्हणून प्रत्येकाची पेटी उघडणे, पारख, किंमत, छायाचित्र आणि वर्णन ही सारी कामे पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात. खर्च वाचवावयाचा तर एकच वाट उरते : प्रत्येक नगावर जाणारी मिनिटे कमी करणे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सीएनबीसी या वृत्तवाहिनीने या कंपनीतील अनेक माजी नोकरांच्या मुलाखती घेऊन एक वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, कित्येक वस्तूंची पारख खास तज्ज्ञांकडून न होता वर्णने लिहिणाऱ्या, तासावर पगार घेणाऱ्या लेखनिकांकडून होत असे. त्यांना मिळालेले शिक्षण तोकडे होते आणि ठरलेला आकडा गाठण्याचा धाक मात्र मोठा होता. आपली पद्धत काटेकोर आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. तत्पूर्वी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, शनेलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावून या कंपनीने बनावट पर्सेस विकल्याचा आरोप केला होता. कंपनीने तो नाकारला. भागधारकांनी लावलेला निराळा दावा पुढे १ कोटी १० लाख डॉलर देऊन मिटविण्यात आला. दोष मात्र कंपनीने मान्य केला नाही.

न्यायनिवाडा करणे हे या सदराचे काम नव्हे. आपण त्या मेजाशी बसलेल्या माणसाच्या जागी क्षणभर बसून पाहू. समजा, विशी-बाविशीतील एक मुलगी आहे. तिच्यापुढे एक पर्स येते. टाके सरळ आहेत, अस्तराचा रंग ठीक आहे, परंतु आतल्या शिक्क्याची अक्षरे किंचित जाड वाटतात. मनात पाल चुकचुकते. थांबून कोणाला विचारावे, तर दिवसाचा आकडा मागे पडतो आणि संध्याकाळी जाब द्यावा लागतो. न विचारता पुढे ढकलावे, तर कोणी अनोळखी बाई आपल्या साठविलेल्या पैशांनी खोटी वस्तू घेणार. त्या वस्तूवर ‘अस्सल’ हा शब्द या मुलीने लिहिलेला असणार. रत्नपारख्याचा जो पूर्णवेळ अभ्यासक्रम अमेरिकेतील जीआयए या संस्थेत शिकविला जातो, तो सुमारे ६ महिन्यांचा असतो. डोळा तयार व्हावयास काळ लागतो. ज्यास तो काळ दिला नाही, त्याच्याकडून तज्ज्ञाचा शब्द वदवून घेणे हा गिऱ्हाइकाइतकाच त्या नोकरावरही अन्याय आहे.

या नोकऱ्यांत सारेच कडू असते असे नाही. सुंदर वस्तू हाताळण्याचा आनंद असतो, शेजारच्या मेजावरील सोबतिणींचा जिव्हाळा असतो, नवे शिकावयास मिळते. म्हणूनच तर वेदना अधिक होते. कामाचा तिटकारा असलेला माणूस आकडे भरून मोकळा होतो. ज्याचे कामावर प्रेम असते, त्यालाच ते वाईट झाल्याचे दुःख होते.

आणि एवढे करूनही आकडे तारक ठरले नाहीत. एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या काळात, सुमारे एक दशांश नोकरांना कामावरून कमी करण्यात आले. जून २०२२ मध्ये संस्थापिका स्वतः पायउतार झाल्या. २०२२ च्या अखेरीस २० डॉलरांचा शेअर दीड डॉलरच्याही खाली आला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी सुमारे २३० जणांची कपात जाहीर झाली.

धंद्यात मोजमाप नकोच, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मोजल्याशिवाय दुकान चालत नाही आणि दुकान चालल्याशिवाय पगार होत नाही. परंतु कसोटीचा दगड आणि गल्ला एकाच हाती असू नयेत, हा अनुभवाचा धडा आहे. आपल्या देशात सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. तेथे विकणारा सराफ वेगळा आणि कस पाहणारे केंद्र वेगळे. वस्तू खोटी ठरल्याने ज्याचे काही बुडत नाही, तोच निर्धास्तपणे ‘हे खोटे’ म्हणू शकतो. एका छपराखाली दोन्ही कामे करावयाचीच असतील, तर निदान पारख करणाऱ्याचा दिवस नगांच्या संख्येवर तोलला जाऊ नये, आणि संशयाने बाजूला ठेवलेला नग त्याच्या खात्यात उणा धरला जाऊ नये. नाही तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या साऱ्या थाटाची गत व्हावयाची.

ही गोष्ट दूरच्या मुलखातील खरी. परंतु हैदराबादेत किंवा बडोद्यात आपली मुलेही मोठमोठ्या कंपन्यांत तासाचे आकडे भरीत असतात. ती सुटीत घरी आली की आपण पगार विचारतो, बढती विचारतो, जेवणाखाणाची चौकशी करतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : “बाळ, तुझ्या मनास पटले नाही, तर तेथे तुला ‘थांबा’ म्हणता येते का?” उत्तर ‘होय’ असेल, तर पगार थोडा कमी असला तरी समाधान माना. आणि मूल उत्तर न देता खाली पाहू लागले, तर त्याला रागावू नका; जवळ बसवून सारे ऐकून घ्या. ते ओझे त्याने बरेच दिवस एकट्याने वाहिलेले असेल.