वयस्क दात्याचे मूत्रपिंड

भिलाईत 1959 साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. त्या सुमारास नोकरीसाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली. आज त्यांची दुसरी पिढीही निवृत्त होत आहे. अशा नगरीत मेंदूमृत, म्हणजे मेंदूचे कार्य कायमचे थांबलेल्या व्यक्तीचे अवयव दान करण्यास नातेवाईक तयार झाले, तर ती व्यक्ती साठी ओलांडलेली आणि रक्तदाबाची औषधे घेणारी असण्याचा संभव बराच असतो.

असे मूत्रपिंड स्वीकारण्यास रुग्णालये कचरतात. एकाने नाकारले की दुसऱ्यास विचारायचे. तेथे पुन्हा अहवाल, पुन्हा विचारविनिमय. बर्फात ठेवलेले मूत्रपिंड साधारणतः एक दिवस, फार तर दीड दिवस टिकते आणि तासागणिक त्याची शक्ती घटते. जे आधीच दुबळे, तेच आपण सर्वाधिक ताटकळत ठेवतो! अमेरिकेसारख्या संपन्न देशातही मृत दात्यांकडून काढलेल्या मूत्रपिंडांपैकी सुमारे चौथा हिस्सा वापराविना जातो. आपल्याकडे तर मुळात असे दाते थोडे. अंतराची सबबही पुरेशी नाही. छत्तीसगड व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये मुंबईच्या एकाच विभागीय प्रत्यारोपण केंद्राशी जोडलेली आहेत आणि भिलाईहून नागपूर रेल्वेने चार-पाच तासांवर आहे.

शल्यचिकित्सकांची भीती निराधार नव्हे. मूत्रपिंड चालले नाही, तर रुग्णाचे शरीर आणि पैसा दोन्ही खर्ची पडतात. पंचविशीतील तरुणाला असे मूत्रपिंड देणे बहुधा योग्य ठरणार नाही. परंतु आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थाला ते काही वर्षे मोकळेपणाने जगू देत असेल, तर त्याला टाकाऊ कसे म्हणावे? मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवण्याची 65 वर्षांची कमाल वयोमर्यादा 2023 मध्ये भारत सरकारने काढली. तेव्हा असे मूत्रपिंड घेण्यास तयार असलेल्या रुग्णांची वेगळी यादी आधीच का करू नये? लाभ आणि धोका त्यांना त्यांच्या भाषेत, सवडीने समजवावा. मध्यरात्री दूरध्वनीवरून नव्हे. मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा तपासून निर्णय घेता येतो. दोन दुबळी मूत्रपिंडे एकाच रुग्णाला बसवण्याचा मार्गही आहे. आणि नाकारायचेच असेल, तर रुग्णालयाने त्याचे कारण लेखी नोंदवावे. दुःखाच्या घडीला संमती देणाऱ्या कुटुंबाने पुढे विचारले, तर ते कारण त्यांनाही सांगता आले पाहिजे.