जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार कीं उच्छेद?

हिवाळा सुरू झाला कीं मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर एखाद्या रविवारीं जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. बाप मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहतात, छायाचित्रें निघतात, पितळी भोंगे वाजतात; आणि गर्दींतून एकच स्तुतिवाक्य पुन्हा पुन्हा कानांवर येतें : “काय चकाकते आहे! अगदी कोरी करकरीत दिसते!” त्या वाक्यानें गाडीचा मालक कृतार्थ होतो, आम्हांला मात्र तें ऐकतांच त्या गाडीची कींव येते. ऐंशी वर्षांची गाडी जर कालच कारखान्यांतून बाहेर पडल्यासारखी दिसत असेल, तर मधलीं ऐंशी वर्षें गेलीं कोठें? तीं कोणीतरी खरवडून टाकलीं आहेत. आणि ज्यानें खरवडलीं तोच आज गळ्यांत हार घालून घेत आहे.

जीर्णोद्धार या पवित्र नांवाखालीं आमच्या हौशी मंडळींनीं जो उद्योग चालविला आहे, त्याला उच्छेद हेंच नांव शोभतें, असें आमचें मत आहे. हें विधान कडक आहे हें आम्ही जाणतों. परंतु तें पूर्ण विचारांतीं, आणि स्वतःच्या पापाची आठवण ठेवून, आम्ही करीत आहों.

कारण आम्हीही त्याच पंथांतले. कांहीं वर्षांपूर्वीं १९३७ सालची एक मॉरिस एट आमच्या हातीं आली. ९१८ घनसेंटिमीटरचें लहानसें इंजिन, सहा व्होल्टची विजेची व्यवस्था, लांकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, असा तिचा संसार. तालुक्याच्या गांवीं व्यवसाय करणाऱ्या एका डॉक्टरांनीं ती वापरलेली. त्यांच्या पश्चात् ती पडवींत कडब्याच्या पेंढ्यांखालीं पडून राहिली होती. आम्हीं ती आणली आणि दोन वर्षें प्रत्येक सुटी तिच्यावर खर्चिली. जुना रंग खरवडून पत्रा उघडा केला; गाद्यांचें मूळ चामडें उसवून टाकलें; कापसाच्या विणीच्या जुन्या तारा भंगारवाल्याच्या तराजूंत घातल्या; रेडिएटरच्या चौकटीवर नवें क्रोमियम चढविलें, आणि सर्वांगावर आजच्या पद्धतीचा आरशासारखा रंग मारविला. पहिल्याच प्रदर्शनांत बक्षीस मिळालें.

पुढें त्या डॉक्टरांच्या कन्या, वय पंचाऐंशीच्या घरांत, गाडी पाहावयास आल्या. त्यांनीं गाडीभोंवतीं एक फेरी घातली, डावीकडचें दार उघडलें आणि दाराच्या आंतल्या बाजूवर हात फिरवून त्या कांहींतरी शोधूं लागल्या. विचारतां म्हणाल्या, “बाबांची औषधांची पेटी इथं टेकलेली असायची. तिच्या कडीनं इथं एक खोबण पडली होती. रात्री बाबा बाळंतपणाला निघाले, की मी हट्टानं बरोबर जायची आणि वाटभर त्या खोबणीत बोट घालून बसायची.” ती खोबण आम्हीं आपल्या हातानें पुट्टी भरून बुजविली होती! चहा घेऊन जातांना त्या एवढेंच म्हणाल्या, “गाडी फार सुंदर झाली हो, पण ती आमची नव्हे.” त्या दिवसापासून बक्षिसाचा तो पेला आम्हीं कपाटांत ठेवून दिला आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, ही भावनेची गोष्ट झाली. म्हातारपणाच्या हळव्या आठवणींवर कांहीं सिद्धान्त उभारतां येत नाहीं. ठीक आहे, भावना क्षणभर बाजूस ठेवूं. जुनी मोटार ही एकाच वेळीं दोन वस्तु असते : एक यंत्र आणि एक दस्तऐवज. १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. जुन्या कागदाचें मोल काय असतें हें त्या परंपरेनें आपल्या समाजाला शिकविलें. मोडी पत्राची शाई फिकी झाली म्हणून तिच्यावर कोणी ताजी शाई गिरवूं लागला, तर त्याला आपण संशोधक म्हणूं काय? अजिंठ्याचें उदाहरण तर घरचेंच आहे. १९२० नंतर तेथील भित्तिचित्रांच्या रक्षणासाठीं इटलीहून कारागीर आणविले गेले. त्यांनीं चित्रांवर लाखेचें रोगण चढविलें. कालान्तरानें तें रोगण पिवळें पडलें, त्यांत धूळ धरली, आणि तें उतरविण्यासाठीं पुराणवस्तु खात्याच्या रसायनज्ञांना पुढें वर्षानुवर्षें खपावें लागलें. हेतु वाईट नव्हता. पण हेतु चांगला आणि हात उतावळा असला म्हणजे काय होतें, तें त्या भिंती सांगतात.

पत्र्यावर वाचण्यासारखें असतें तरी काय, असें विचारणाऱ्यानें रंगाचाच विचार करावा. आरंभींच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणें कुंचल्यानें रंग व रोगण देत, आणि ते थर वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत नायट्रोसेल्युलोजचा, फवाऱ्यानें मारावयाचा रंग मोटारींवर आला आणि आठवड्यांचें काम तासांवर आलें. मोटारी झपाट्यानें निघूं लागल्या त्याचें हेंही एक कारण. १९२८ मध्यें मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. १९४४ मध्यें वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. परदेशांतून आलेले भाग आपल्या कामगारांनीं कसे जोडले, कोठें ठोकले, कोठें झाळले, याची साक्ष कागदांपेक्षां त्या पत्र्यांतच अधिक आहे. मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा राहिला तरी पुढच्या अभ्यासकाला तो पुरेल. पण आमचे हौशी लोक तोही ठेवीत नाहींत. आणि त्याच्या जागीं पॉलियुरेथेनचा जो रंग देतात, त्याची झळाळी मूळ कारखान्यानें त्या गाडीला कधींच दिलेली नव्हती! म्हणजे ‘कारखान्यांतून निघाली तशी केली’ ही बढाईसुद्धां खोटी.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप पाहूं. पहिला : “मग गाड्या गंजूं द्यावयाच्या काय?” मुळींच नाहीं. गंज हा इतिहास नव्हे, तो इतिहासाचा शत्रु आहे. त्याला थांबविलेंच पाहिजे. ब्रेक लागलेच पाहिजेत, टायर धड असलेच पाहिजेत. हल्लीं पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें जुन्या रबराला व बुचाच्या गॅस्केटांना खातें, तेव्हां त्या नळ्या बदलल्याच पाहिजेत. आमचा विरोध दुरुस्तीला नाहीं, नवीकरणाला आहे. पाटा तुटला तर पाटा बदला. पण नव्या पाट्यावर साल कोरून ठेवा आणि जुना जपा. फाटलेली गादी शिवा. सबंध चामडें उसवूं नका. कथील, अँटिमनी व तांबें यांच्या मिश्र धातूचें बेअरिंग झिजलें, तर तें पुन्हा ओतून, हातानें खरडून दांड्याशीं जुळवितां येतें. तें करणारे म्हातारे मिस्त्री अजून कोठें कोठें आहेत. पण हौशी मालकाला धीर नसतो. तो विलायतेहून तयार नवा भाग मागवितो, पार्सल येतें, आणि मिस्त्रीची विद्या मिस्त्रीबरोबर जाते. ही हानि गाडीच्या हानीहून लहान नाहीं.

दुसरा आक्षेप : “बदल हा मोटारीचा धर्मच आहे.” यासाठीं ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटले गाडीचा दाखला देतात. १९२९ आणि १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिनें जिंकली. १९३२ मध्यें ब्रूकलंड्स येथें तिला भीषण अपघात होऊन तिचा चालक ठार झाला. मधल्या काळांत आणि नंतरही तिचे इतके भाग बदलले कीं, १९९० सालीं ती मूळची गाडी म्हणावी कीं नाहीं यावर इंग्लंडच्या न्यायालयांत वाद झाला. आणि न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं, मूळचें फारसें उरलें नसलें तरी तिची परंपरा अखंड आहे, सबब तीच ती गाडी. निकाल आम्हांला मान्य आहे. पण तो आमच्याच बाजूचा आहे! त्या गाडीचे बदल धावतां धावतां, गरजेनें झाले. ते तिच्या आयुष्याचाच भाग. तुम्ही करतां ते बदल तिचें आयुष्य पुसण्यासाठीं असतात.

याच्या उलट उदाहरण १९२५ सालच्या एका बुगाटीचें. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील माज्जोरे सरोवराच्या तळाशीं अनेक दशकें पडलेली ही गाडी २००९ मध्यें वर काढण्यांत आली; एका बाजूचा पत्रा पाण्यानें खाऊन टाकलेला. २०१० मध्यें पॅरिसच्या लिलांवांत तिला २,६०,५०० युरो मिळाले. आणि घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकानें ती नवी न करतां, जशी निघाली तशीच आपल्या संग्रहालयांत मांडली. जगांतील जाणत्यांचा ओघ कोणीकडे आहे तें यावरून दिसतें. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें, इमारतींसाठीं केलेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर, टुरिन सनद मंजूर करून २०१३ मध्यें प्रसिद्ध केली. जपणुकीला नवीकरणाहून वरचें स्थान द्यावें आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, हें तिचें सार.

आपल्या सरकारनें २०२१ मध्यें केलेले नियमही पाहण्यासारखे आहेत. ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये व दहा वर्षांनीं नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात. आणि सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. अट योग्यच आहे. परंतु रंग, गाद्या, तारा, क्रोमियम या वाटेनें गाडीचा आत्मा काढून घेणाऱ्याला ती कोठें अडवील? तें काम कायद्याचें नव्हे, रुचीचें आहे. आणि रुचि घडवितात प्रदर्शनांचे परीक्षक.

म्हणून आमचें मागणें परीक्षकांपाशीं आहे. झळाळीचे गुण कमी करा. मूळ रंग, मूळ गादी, मूळ तारा जपणाऱ्याला पहिलें बक्षीस द्या. कोणता भाग केव्हां, कां व कोणी बदलला याची वही जो दाखवील त्याला गुण द्या, आणि त्या वहींत मिस्त्रीचें नांव नसेल तर कापा. जी गाडी टेम्पोवर चढून येते तिच्यापेक्षां स्वतःच्या चाकांवर धुरळा खात येणारीला मान द्या. हें दोन-चार वर्षें करून पाहा. खरवडण्याचा धंदा आपोआप मंदावेल.

“गाडी आमची, पैसा आमचा,” हा शेवटचा आक्षेप उरतो. पैसा तुमचा खरा. पण जी वस्तु तुमच्या आधीं दोघां-तिघांची होती आणि तुमच्या मागें आणखी कोणाची होणार, तिचे तुम्ही विश्वस्त आहां. आणि एकदां खरवडलेला रंग कितीही पैसा ओतला तरी परत येत नाहीं, हें आमच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? ज्यांच्या पडवींत अद्यापि अशी एखादी गाडी झांकून ठेवलेली आहे, त्यांनीं कानस हातीं धरण्यापूर्वीं एवढेंच करावें : जे कोणी त्या गाडींतून हिंडले असतील, त्यांच्यापैकीं हयात असेल त्याला बोलावून आणावें, दार उघडून द्यावें, आणि त्याचा हात कोठें जातो तें पाहावें. आम्हीं तें काम संपल्यावर केलें.